वाल्डेमार हाफकिन

डिलाईल रोडवरून परळकडे येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी वास्तु पाहिली असेलच. एके काळीं तेथें गव्हर्नरसाहेब राहत. जिच्या नांवानें ती आज ओळखली जाते, त्या व्यक्तीचें चरित्र येथें देत आहों.

हाफकिन यांचा जन्म इ. स. १८६० मध्यें रशियन साम्राज्यांतील ओडेसा येथें यहुदी कुळांत झाला. ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि ही गोष्ट पुष्कळ गोऱ्या डॉक्टरांस शेवटपर्यंत खुपत राहिली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीची लस तयार करून १८९२ सालीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले.

१८९६ मध्यें मुंबईंत प्लेग उद्भवला. लोक घरेंदारें सोडून पळूं लागले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत हाफकिन कामास लागले. त्यांची कृति पाहण्यासारखी होती. मांसरसाच्या बाटलींत ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्यांच्या आधारानें जंतु खालीं लोंबत वाढत. बाटली हलविली कीं ते तळाशीं जात व नवे वाढूं लागत. शेवटीं उष्णतेनें जंतु मारून तो रस टोंचावयाचा. १० जानेवारी १८९७ रोजीं हीही लस त्यांनीं आधीं स्वतःस टोंचविली. मग भायखळ्याच्या तुरुंगांतील खुषीनें पुढें आलेल्या कैद्यांस.

हल्लीं स्निग्ध पदार्थाचेच अतिसूक्ष्म नॅनोकण औषधाचें वाहन होतात. २०२० सालच्या कोरोनाच्या कांहीं लशी अशा कणांत भरलेल्या होत्या, आणि विषाणूंवरील औषधें त्यांतून नेमक्या पेशींपर्यंत पोंचविण्याचे प्रयत्न चालू आहेत. हाफकिन यांचें तूप मात्र जंतूंस केवळ आधार देई. तेव्हां हें साम्य फार ताणूं नये.

१८९९ मध्यें प्रयोगशाळा परळास आली. १९०२ मध्यें पंजाबांतील मल्कोवाल गांवीं लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. सर्वांस एकाच बाटलींतील लस दिली होती. ठपका हाफकिन यांच्यावर येऊन त्यांस पदावरून दूर व्हावें लागलें. वास्तविक ती बाटली गांवीं उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं त्यांची बाजू उचलून धरल्यावर १९०७ मध्यें ते निर्दोष ठरले. एवढा विलंब आम्हांस अक्षम्य वाटतो.

त्यानंतर त्यांस कलकत्त्यास जागा मिळाली; परळची मिळाली नाहीं. १९२५ सालीं परळच्या त्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें. १९३० मध्यें स्वित्झर्लंडांत लोझान येथें ते वारले.