कै. रेव्ह. नारायण वामन टिळक यांचें ख्रिस्ती धैर्य

आमच्या वऱ्हाडांतील कोणत्याही मंडळींत जा. ती अमरावती किंवा अकोला शहरांतील मोठी मंडळी असो, कीं एखाद्या खेड्यांतील चार घरांची लहानशी मंडळी असो. उपासनेच्या वेळीं टाळ वाजूं लागले म्हणजे जीं भजनें गाइलीं जातात त्यांतील कितीएक एकाच पुरुषाच्या लेखणींतून उतरलेलीं असतात. तो पुरुष म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांस प्रभूकडे जाऊन शंभरांहून अधिक वर्षें झालीं, तरी त्यांचें नांव आमच्या लेकरांच्याही तोंडीं आहे. परंतु हीं भजनें रचणाऱ्या मनुष्यास प्रभूच्या नांवासाठीं काय काय सोसावें लागलें, हें आमच्या पुष्कळ बंधुभगिनींस ठाऊक नसेल. म्हणून त्यांचें चरित्र थोडक्यांत येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

धैर्य म्हटलें कीं मार खाण्याची किंवा तुरुंगांत जाण्याची तयारी, असें आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु पौलानें इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या ६ व्या अध्यायांत आपल्याला बजावून ठेविलें आहे कीं, आपलें खरें झगडणें मनुष्यांशीं नाहीं. जो विरोध अंतःकरणावर घाला घालतो तो पुष्कळ वेळां शत्रूच्या रूपानें येत नाहीं. तो सोयऱ्याधायऱ्यांच्या रडण्यानें, पत्नीच्या अबोल्यानें, लोकांत मिळालेल्या मानाच्या मोहानें येतो. टिळकांवर आला तो विरोध याच जातीचा होता.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव हे सरकारी नोकरींत असून स्वभावानें कडक होते. आई जानकीबाई भक्तिमान् व प्रेमळ होती. तिच्या मांडीवरच नारायणास ओव्या-अभंगांची गोडी लागली. तो सुमारें अकरा वर्षांचा असतां ही माउली वारली, आणि पुढें तो पोर वयांतच घर सोडून नाशिकास गेला. तेथें हालअपेष्टा सोशीत त्यानें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृताचें अध्ययन केलें व थोडें इंग्रजीही संपादिलें. १८८० सालीं नाशिकाजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका हिच्याशीं त्यांचें लग्न झालें. याच पुढें लक्ष्मीबाई टिळक या नांवानें साऱ्या महाराष्ट्रास माहीत झाल्या.

टिळकांचें मन एका ठिकाणीं ठरत नसे. कधीं शिक्षक, कधीं कीर्तनकार, कधीं मासिकाचे संपादक, अशीं त्यांचीं वर्षें गेलीं. कविता व वक्तृत्व यांमुळें त्यांचें नांव होऊं लागलें. १८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले, व तेथील धनिक गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम करूं लागले. त्या काळीं त्यांच्या मनांत देशाच्या उद्धाराची मोठी तळमळ होती. जातिभेद व मूर्तिपूजा यांनीं लोकांचें कल्याण होणार नाहीं, धर्म नवा व शुद्ध पाहिजे, असें त्यांस वाटूं लागलें. आणि आपणच असा एक धर्म स्थापावा असाही विचार त्यांनीं केला. देव एक, तो सर्वांचा पिता, आणि सर्व मनुष्यें भाऊभाऊ, असें त्या विचाराचें सार होतें. पण असा धर्म बोलून दाखविणें सोपें. तो जगून दाखविणारा गुरु कोठें होता?

१८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ बसले होते. त्यांनीं या हिंदी प्रवाशास आदरानें जागा दिली, व बोलणें संस्कृत काव्यावरून धर्मावर गेलें. उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं टिळकांच्या हातीं नवा करार दिला, तो वाचण्याचें वचन घेतलें, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीतही केलें. टिळकांस तें बोलणें त्या वेळीं पटलें नाहीं. पण दिलेलें वचन पाळावयाचें म्हणून त्यांनीं पुस्तक उघडलें. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे ५, ६ व ७ हे अध्याय येईपर्यंत ते वाचीत गेले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं त्यांचा पाय अडकला तो अडकलाच. ज्या प्रश्नांचीं उत्तरें त्यांस आपल्या शास्त्राभ्यासांत मिळालीं नव्हतीं, तीं त्या थोड्या पानांत त्यांस सांपडलीं. येथें आमच्या उपदेशक बंधूंनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, त्या साहेबानें वाद जिंकला नाहीं; त्यानें सौजन्य दाखविलें आणि पुस्तक दिलें. उरलेलें काम देवाच्या वचनानें केलें.

राजनांदगांवच्या संस्थानांत टिळक नोकरीस होते. तेथें त्यांनीं पुष्कळ वाचन केलें, व मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनशीं पत्रव्यवहार सुरू केला. हळूहळू त्यांच्या मतांची कुणकुण लोकांस लागली. मग जे काल शास्त्रीबुवा म्हणून मान देत होते तेच आज टाळूं लागले. विद्वान् ब्राह्मण, मोठा कवि, आणि तो ख्रिस्ती होणार, हें त्या काळीं कुळाला लागलेल्या काळिम्यासारखें मानीत. टिळकांस स्वतःच्या अब्रूची फारशी पर्वा नव्हती. पण पत्नीच्या नांवानें त्यांच्या काळजाचें पाणी होई. तिच्या मनाची तयारी नव्हती, आणि पदरीं दत्तू हें लहान मूल होतें. सत्य कळलें आहे, पण तें धरलें तर घर मोडतें, आणि न धरलें तर आत्मा मोडतो, असा तो प्रसंग होता. असा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं स्वतः पाहिला आहे.

अखेरीस त्यांनीं निश्चय केला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या मंदिरांत रेव्ह. तुकारामजी नथोजी या हिंदी पाळकांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपला बाप्तिस्मा स्वदेशीय पाळकाच्या हातूनच व्हावा अशी टिळकांची इच्छा होती. रेल्वेंतील त्या गृहस्थानें सांगितलेलीं दोन वर्षें तेव्हां पुरींही झालीं नव्हतीं.

ही बातमी घरीं पोंचली तेव्हां काय हलकल्लोळ झाला असेल त्याची कल्पना करवत नाहीं. लक्ष्मीबाई शोकानें वेड्यासारख्या झाल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला, अशी त्यांची स्थिति होती. नातलगांनीं त्यांस व मुलास आपल्याजवळ ठेवून घेतलें. सुमारें साडेचार वर्षें नवरा-बायको एकमेकांपासून दूर राहिलीं. इकडे अहमदनगरास मिशनच्या कामांत असलेले टिळक पत्रें लिहीत, भेटावयास जात, आणि रित्या हातांनीं परत येत.

येथेंच टिळकांचें धैर्य खरें दिसून येतें. १८६६ सालीं सरकारनें एक कायदा केला होता. त्यान्वयें एखादा मनुष्य ख्रिस्ती झाल्यावर त्याची पत्नी त्याच्याबरोबर नांदण्यास तयार नसेल, तर कोर्टाच्या द्वारें तें लग्न मोडून घेण्याची व दुसरें लग्न करण्याची वाट त्यास मोकळी होती. टिळकांनीं ती वाट धरिली नाहीं. त्यांनीं वाट धरिली ती थांबण्याची. प्रभूसाठीं त्यांनीं पत्नीचा विरोध सोसला. पण विरोध करणारी म्हणून पत्नीस टाकिलें नाहीं. विश्वासांत लोखंडासारखें कठीण आणि माणसांशीं मेणासारखें मऊ असणें, या दोन गोष्टी एका ठिकाणीं क्वचितच सांपडतात.

पुढें लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, तरी त्यांनीं आपलें सोंवळें सोडलें नव्हतें. त्या आपला स्वयंपाक निराळा करीत व शिवाशीव पाळीत. टिळकांनीं त्यांवर जबरदस्ती केली नाहीं. राहुरीस असतां लक्ष्मीबाई स्वतःच विचार करकरून या निर्णयास आल्या कीं, देवानें पुरुष व स्त्री एवढाच भेद केला आहे. जाति मनुष्यांनीं केल्या आहेत. त्या दिवसापासून त्यांनीं शिवाशीव सोडली, आणि १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. वादानें जें झालें नसतें तें सहनशीलतेनें झालें. याच बाईंनीं पुढें स्मृतिचित्रें हें आत्मचरित्र लिहिलें, आणि तें आजही मराठींतील उत्तम ग्रंथांत गणिलें जातें.

१८९९-१९०० सालच्या महादुष्काळांत आमच्या वऱ्हाडांतही माणसें व गुरें अन्नावांचून मेलीं, आणि मिशनची अनाथालयें भरून गेलीं, हें जुन्या मंडळींकडून आपण ऐकिलें आहे. त्या दिवसांत टिळकांच्या नगरच्या घरींही पोरक्या मुलांस थारा मिळाला. घरांत पैसा टिकत नसे. आलेला मनुष्य मात्र टिके. पुढें बालकवि म्हणून प्रसिद्धीस आलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे ब्राह्मण तरुण कांहीं काळ याच घरांत पुत्राप्रमाणें राहिले. ज्या समाजानें टिळकांस बाहेर घातलें होतें, त्याच समाजाचे तरुण त्यांच्या दारीं येऊं लागले.

यानंतर विरोध दुसऱ्या बाजूनें आला, आणि तो आपल्याच मंडळींतून आला. टिळक १९०४ च्या सुमारास पाळक झाले. त्यांनीं पाहिलें कीं, आमचे लोक परक्या चालींवर परकीं गीतें गातात, व गांवच्या लोकांस ख्रिस्त हा साहेबांचा देव वाटतो. म्हणून त्यांनीं ज्ञानोबा-तुकोबांच्या ओवी-अभंगांचा सांचा घेऊन त्यांत शुभवर्तमान भरलें. भजन व कीर्तन यांच्या द्वारें त्यांनीं ख्रिस्त सांगितला. कित्येक ख्रिस्ती लोकांस हें रुचलें नाहीं. जें आपण सोडून आलों तें पुन्हां कशास आणतां, असें त्यांस वाटे. टिळकांनीं त्यांच्याशींही भांडण मांडिलें नाहीं. ते गात राहिले. १९१२ पासून मरेपर्यंत ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे ते संपादक होते. १९०९ सालीं त्यांनीं ख्रिस्तायन हें प्रभूचें ओवीबद्ध चरित्र आरंभिलें. त्यांच्या हातून त्याचे थोडेच अध्याय झाले. उरलेले ६४ लक्ष्मीबाईंनीं रचले. एके काळीं ख्रिस्ताच्या नांवानें जिचा संसार उधळला, तिनेंच पतीचें ख्रिस्तचरित्र पुरें केलें, ही देवाची करणी होय.

१९१७ सालीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनीं आणखी एक पाऊल टाकिलें. मिशनचा पगार सोडून त्यांनीं ख्रिस्ती संन्यास घेतला, आणि साताऱ्यास देवाचा दरबार नांवाचा बंधुसमाज आरंभिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत यावे असा त्यांचा हेतु होता. पुष्कळ मित्रांसही हें साहस वाटलें. तें काम वाढावयास त्यांस वेळ मिळाला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहाचें दहन करण्यांत आलें.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यांतील पुष्कळांचा विरोधाचा प्रसंग टिळकांसारखा गाजत नाहीं. आपल्याकडे तो असा येतो: घरांत लेकरूं तापानें फणफणतें, आणि शेजारीण सांगते कीं देवी कोपली आहे, भगताकडे जा, उतारा टाका. डॉक्टराचें औषध घेण्यास व देवाला प्रार्थना करण्यास त्या वेळीं धैर्य लागतें. पुतणीच्या लग्नांत आपल्याला पंक्तीबाहेर बसवितात. राग गिळून आहेर घेऊन जाण्यास तेव्हां धैर्य लागतें. एकाच घरांत नवऱ्यानें विश्वास धरिला आणि बायकोनें धरिला नाहीं. तिला न टोंचतां तिच्यासाठीं दररोज गुडघे टेकण्यास तर फारच धैर्य लागतें.

टिळकांच्या चरित्रावरून आपण तीन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, त्यांनीं ऐकीव गोष्टीवर नव्हे, तर स्वतः वाचलेल्या वचनावर विश्वास ठेविला; ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें दुसऱ्याकडून वाचवून ऐकावें. दुसरी ही कीं, विश्वास सोडूं नये आणि माणूसही सोडूं नये. तिसरी ही कीं, आपल्या भाषेची व आपल्या चालीरीतींतील चांगल्या गोष्टींची लाज धरूं नये. प्रभूस वऱ्हाडी बोलीही समजते.

येत्या रविवारीं टिळकांचें एखादें भजन आपण गाऊं, तेव्हां त्यामागें साडेचार वर्षांचें रितें घर आहे, याची आठवण ठेवूं या. आणि ज्या कोणाचें घर आज असें रितें असेल, त्याच्यासाठीं मंडळीनें नांव घेऊन प्रार्थना करावी, एवढीच आमची विनंती आहे.