विश्लेषण : हार्डवेअरच्या बिघाडाची नक्कल आणि ॲलन ट्युरिंग

चिपमधील दोषामुळे संगणक मध्येच बंद पडतो. तपासायला बसले की मात्र सुरळीत चालतो. अशा वेळी कर्नेलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर काम करणारे अभियंते क्यूईएमयूसारख्या सॉफ्टवेअरने आभासी संगणक उभा करतात. त्यातील नकली चिपला मुद्दाम चुकीचे उत्तर द्यायला लावले की बिघाड हवा तितक्या वेळा घडवून पाहता येतो. एक यंत्र दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करू शकते, या तत्त्वाचे जनक ॲलन ट्युरिंग.

कागदावरचे यंत्र

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. केम्ब्रिजमध्ये असताना १९३६ मध्ये ट्युरिंग यांनी ‘सार्वत्रिक यंत्र’ मांडले. कोणत्याही यंत्राचे वर्णन दिले की ते त्याच्यासारखेच वागणार! गंमत म्हणजे त्या आराखड्यातही चुका होत्या. त्या पुढे डोनाल्ड डेव्हिस या तरुण सहकाऱ्याने शोधल्या. युद्धकाळातील ‘एनिग्मा’ संदेशांच्या उकलीची कथा सर्वश्रुत आहे.

मँचेस्टरमध्ये काय घडले?

१९४८ मध्ये ट्युरिंग मँचेस्टर विद्यापीठात आले. तेथील संगणकाची स्मृती काचेच्या नळ्यांच्या पडद्यावरील विद्युतभाराच्या ठिपक्यांत साठवलेली असे, आणि यंत्र वारंवार बिघडे. उत्तर चुकले तर दोष गणिताचा, प्रोग्रॅमचा की नळीचा, हे कळणे कठीण. जून १९५० मध्ये यंत्र दुपारी ३ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ पर्यंत धड चालले, म्हणूनच त्यांचे रीमान झीटा फलनाचे गणित होऊ शकले. याच ट्युरिंग यांच्या सूचनेवरून पुढच्या यंत्रात यादृच्छिक अंक देणारी सोय बसवली गेली. ती वापरली की तोच प्रोग्रॅम दोनदा सारखा चालेलच याची खात्री नाही. चूक शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही डोकेदुखीच.

१९५१ मध्ये त्यांनी क्रिस्टोफर स्ट्रेची या शाळामास्तरांना एक काम सुचवले: संगणकाने स्वतःचीच नक्कल करावी असा प्रोग्रॅम लिहा. त्यामुळे प्रत्येक सूचना पार पडताना काय होते, हे टप्प्याटप्प्याने पाहता येणार होते. स्ट्रेची यांनी हजाराच्या आसपास सूचनांचा प्रोग्रॅम लिहिला आणि रात्रभर बसून तो चालवून दाखवला. अर्थात ही नक्कल त्याच नळ्यांवर चालत असल्याने नळीचा दोष तिलाही बाधत असे. आजच्या अभियंत्याला नक्कल निरोगी संगणकावर चालवता येते.

पुढच्याच वर्षी समलैंगिक संबंधांबद्दल ट्युरिंग यांना दोषी ठरवण्यात आले. तुरुंगाऐवजी त्यांना संप्रेरकांचे उपचार घ्यावे लागले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. शाही माफी मिळाली ती २०१३ मध्ये.