दार कोणी बंद केले? पूजनीय फादर ऑगस्टस टोल्टन यांचे जीवन



मागील महिन्यात आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींच्या बैठकीत एक चर्चा चांगलीच रंगली. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशात वर्णभेद आजही उरला आहे काय, असा विषय होता. एका युवकाचे म्हणणे असे की, कायद्याने सर्वजण समान झाले, २००८ साली कृष्णवर्णीय माणूस राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला, आता भेदभाव असलाच तर तो काही वाईट माणसांच्या मनात. एका युवतीचे म्हणणे असे की, माणसे चांगली असली तरी व्यवस्थेतच भेदभाव मुरलेला असू शकतो. दोघेही हटेनात. शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या दिवशी निवाडा दिला नाही. पण रात्री मला एका धर्मगुरूची आठवण झाली. त्यांचेच जीवन आज आपणांपुढे ठेवतो.

ऑगस्टस टोल्टन यांचा जन्म १ एप्रिल १८५४ रोजी अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, ब्रश क्रीक या खेडेगावात झाला. वडील पीटर पॉल आणि आई मार्था जेन, दोघेही गुलाम होते. त्यांचे मालक मात्र कॅथलिक! बाळाचा स्नानसंस्कार गावच्या चर्चमध्ये झाला आणि मालकीणबाई त्याची धर्ममाता झाली. म्हणजे चर्चमध्ये ते बाळ देवाचे लेकरू ठरले आणि घरी परतल्यावर त्याच धर्ममातेच्या घरची मालमत्ता. त्या घरातील कोणालाही यात विसंगती दिसली नाही. जी गोष्ट सगळेच करतात, तिच्यातले पाप सहसा कोणाला दिसत नाही.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. वडील उत्तरेच्या सैन्याकडे निघून गेले आणि त्या युद्धकाळातच मरण पावले. १८६२ मध्ये आई आपल्या तीन मुलांना घेऊन पळाली. होडीतून मिसिसिपी नदी ओलांडून ती इलिनॉय राज्यातील क्विन्सी शहरात पोहोचली. तेथे गुलामगिरी नव्हती. आई आणि मुले तंबाखूच्या कारखान्यात राबू लागली. थोरला भाऊ चार्ल्स लवकरच न्यूमोनियाने दगावला.

आईची इच्छा होती की, ऑगस्टसने शिकावे. तिने त्याला चर्चच्या शाळेत घातले. पण गोऱ्या पालकांनी इतका गदारोळ केला की, थोड्याच दिवसांत त्याला शाळेतून काढून घ्यावे लागले. पुढे फादर पीटर मॅकगिर या आयरिश धर्मगुरूंनी त्याला आपल्या धर्मग्रामातील शाळेत घेतले आणि लोकांच्या विरोधाला भीक घातली नाही. ऑगस्टस वेदीसेवक झाला. हा मुलगा धर्मगुरू होऊ शकेल, हे फादरांनी ओळखले.

आता खरी परीक्षा सुरू झाली. अमेरिकेतील सेमिनऱ्यांकडे अर्ज गेले. एकाही सेमिनरीने कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला नाही. क्विन्सीतील काही धर्मगुरूंनी त्याला खाजगीरीत्या लॅटिन व इतर विषय शिकवले. फ्रान्सिस्कन बंधूंनी १८७८ मध्ये आपल्या कॉलेजात जागा दिली. पण गुरुदीक्षेसाठी हे पुरेसे नव्हते. शेवटी १८८० साली, वयाच्या पंचविशीत, तो रोमला प्रोपागंडा संस्थेच्या उर्बान कॉलेजात दाखल झाला. आपल्याच देशात धर्मगुरू होण्यासाठी त्याला समुद्र ओलांडावा लागला.

आपल्या गोव्याच्या इतिहासातही अशी एक वाट आहे. दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो यांना सतराव्या शतकात पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात गुरुदीक्षा मिळेना, कारण ते एतद्देशीय होते. तेही रोमला गेले, तेथे धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशपपदी नेमले गेले. दोनशे-अडीचशे वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या खंडांतील दोन तरुणांना एकाच कारणास्तव रोमची वाट धरावी लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

२४ एप्रिल १८८६ रोजी, पवित्र शनिवारी, रोममधील सेंट जॉन लॅटरन महामंदिरात ऑगस्टस यांना गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्या दिवशी, ईस्टर सणाला, त्यांनी सेंट पीटर महामंदिरात पहिली मिस्सा अर्पण केली. त्यांच्याआधी अमेरिकेत कृष्णवर्णीय मातेच्या पोटी जन्मलेले हीली बंधू धर्मगुरू झाले होते, परंतु लोक त्यांना आयरिश समजत. सर्वांना कृष्णवर्णीय म्हणून ठाऊक असलेले पहिले अमेरिकन धर्मगुरू फादर टोल्टनच. आपल्याला आफ्रिकेत पाठवतील अशी त्यांची अपेक्षा होती. पण वरिष्ठांनी ऐन वेळी निर्णय फिरवला आणि ज्या देशाने त्यांना दार लावले होते तेथेच त्यांना पाठवले.

क्विन्सीत त्यांचे स्वागत जोरात झाले. त्यांचा आवाज गोड होता, प्रवचने मनाला भिडत. त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गोरे भाविकही येऊ लागले. हेच काहींना खुपले. आपण फक्त आपल्या वर्णाच्या लोकांपुरतेच काम करावे, असे त्यांना बजावण्यात आले. फादर खचले, पण त्यांनी संघर्षाची भाषा केली नाही. १८८९ च्या अखेरीस ते शिकागोला गेले. तेथे कृष्णवर्णीय कॅथलिक एका चर्चच्या तळघरात प्रार्थनेला जमत. कॅथरीन ड्रेक्सेल या धर्मभगिनी आणि इतर दात्यांच्या मदतीने फादरांनी सेंट मोनिका चर्च उभारायला घेतले. १८९४ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले, तेही अर्धवट बांधलेल्या अवस्थेत. ते चर्च पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दिवसभर ते दक्षिण शिकागोच्या गरीब वस्तीत आजाऱ्यांना भेटत, घराघरांत जात. ९ जुलै १८९७ रोजी कडक उन्हाळ्यात, चिंतनशिबिराहून परतताना, ते रस्त्यात कोसळले आणि त्याच रात्री प्रभूकडे गेले. वय होते अवघे ४३. त्यांची कबर क्विन्सीत आहे. जून २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पूजनीय घोषित केले.

आता आपल्या युवकांच्या प्रश्नाकडे वळू या. ऑगस्टसला दार कोणी लावले? शाळेतील पालकांची नावे कदाचित सांगता येतील. पण सेमिनऱ्यांचे काय? त्यातील बहुतेक वरिष्ठ धार्मिक, प्रार्थना करणारे लोक असणार. एखाद्याला तर त्याच्याबद्दल कणवही वाटली असेल. प्रत्येकाने एवढेच म्हटले असेल की, आमच्याकडे अशी पद्धत नाही, इतर विद्यार्थ्यांना चालणार नाही, दुसरीकडे विचारून पाहा. प्रत्येक नकार लहान, सभ्य आणि सकारण. पण सगळे नकार एकत्र केले, तर संपूर्ण देशात एका तरुणाला जागा उरली नाही. द्वेष करणारा एक माणूस शोधायला जाल, तर तो सापडणारही नाही. अन्याय मात्र खराच होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात पापाच्या संरचनांविषयी लिहिले, ते अशाच गोष्टींविषयी. पाप माणूसच करतो, पण ते पुढे नियमांत, सवयींत आणि व्यवहारांत घर करून बसते.

मग आज काय? युवकाचे म्हणणे निम्मे खरे आहे. १९६४ आणि १९६५ च्या कायद्यांनी अमेरिकेत सार्वजनिक जीवनातील आणि मतदानातील भेदभावाला बंदी घातली, १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील. हे मोठे यश आहे, ते नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. प्रत्येक विषमतेला वर्णभेद हेच एकमेव कारण आहे, असेही म्हणता येणार नाही. पण १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग फासला होता. ती वस्ती धोक्याची, तेथे गृहकर्ज नको, असा त्याचा अर्थ. शिकागोतही हेच झाले. सामान्य कुटुंबाची मुख्य पुंजी म्हणजे घर, आणि घरच मुलांना वारशाने मिळते. ज्या आजोबांना कर्ज मिळाले नाही, त्यांच्या नातवाला घर कोठून मिळणार? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती, तर मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार डॉलर. नियम गेला, त्याचा हिशेब उरला. म्हणून युवतीचे म्हणणे मला अधिक खरे वाटते. अमेरिकेच्या बिशपांनीही २०१८ च्या आपल्या पत्रात वर्णभेद संपलेला नाही हे मान्य केले, आणि त्यात ख्रिस्तसभेचा वाटा होता हेही.

बंधु-भगिनींनो, अमेरिकेला बोल लावून मोकळे होणे सोपे आहे. हे लिहिताना मला त्या बैठकीची हजेरी आठवली. आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्या, बाहेरगावाहून कामासाठी आलेल्या कॅथलिक कुटुंबांतील एकही मुलगा किंवा मुलगी तेथे नव्हती. त्यांना कोणी मुद्दाम टाळले नव्हते. निरोप वाडीवाडीच्या प्रतिनिधींमार्फत गेला, तो जुन्या यादीप्रमाणे, आणि त्या यादीत ती कुटुंबे नाहीतच. यादी माझ्याच कार्यालयातील आहे. आमच्या मनात भेदभाव नाही, असे मी त्या कुटुंबांना खुशाल सांगू शकतो, पण त्यांच्या मुलांच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. ही चूक वर्णभेदाएवढी मोठी नाही, हे मला कळते. पण ती घडण्याची रीत तीच आहे.

येत्या आठवड्यात ती यादी नव्याने करायची आहे. आपल्या शेजारी असे कुटुंब असल्यास कृपया कार्यालयात नाव द्यावे. फादर टोल्टन यांनी लावलेल्या दारांपुढे उभे राहूनही कोणाचा द्वेष केला नाही. आपल्या हातून नकळत लागलेली दारे आपल्याला दिसावीत आणि ती उघडण्याचे धैर्य मिळावे, म्हणून आज मिस्साबलिदानात प्रार्थना करू या.

आपला,
धर्मगुरू