खराटावाले गाडगेबाबा

आमच्या चौथीच्या वर्गाने या वेळी भित्तीपत्रकात थोर माणसांची माहिती लिहायचे ठरवले. शिवाजी महाराज आणि नेहरू बाकीच्यांनी आधीच घेतले होते. मी गाडगेबाबा घेतले. आता वाटते, बरेच झाले.

त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात झाला. वडिलांना दारूचे व्यसन लागले. त्यात तब्येत गेली आणि ते वारले. तेव्हा डेबू लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी दापुरे गावी आली. तिथे डेबू मामांची गुरे राखी, शेतात राबे. शाळेत जायला मिळालेच नाही. पुढे सावकाराच्या कर्जापायी मामांची चांगली जमीन गेली. म्हणजे दारू काय करते अन् कर्ज काय करते, हे त्यांनी घरातच पाहिले होते.

मोठे झाल्यावर त्यांच्या मुलीचे बारसे आले. तेव्हा जेवणात दारू-मटण ठेवायची रीत होती. डेबूजींनी गोडाचे जेवण केले. भाऊबंद रुसले, पण ते काही ऐकले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगात चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. त्यातच भाकरी खायची, तेच ऊन लागले की डोक्यावर ठेवायचे. म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात आले की ते आधी रस्ते झाडत, गटारे साफ करीत. संध्याकाळी त्याच गावात कीर्तन करीत. हे मला फार आवडले. नुसते सांगितले असते तर कोणी ऐकले नसते.

कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत, जसे आमचे गुरुजी विचारतात तसे. कर्ज काढून सण-लग्न करू नये, दारू पिऊ नये, देवापुढे बकरे कापू नये, शिवाशिव पाळू नये, हे ते सोपे करून सांगत. ताटे विकावी लागली तर हातावर भाकरी घेऊन खावी, पण पोरांना शिकवावे, असेही ते सांगत.

आमची ताई सातवीत आहे. आठवीची शाळा चार किलोमीटर लांब आहे. तिला पाठवायचे का ते घरात अजून ठरले नाही. म्हणून मी ही माहिती रात्री मोठ्याने वाचून दाखवली. ताटांचे आले तेव्हा आई हसली. अप्पा काही बोलले नाहीत. मग म्हणाले की तेवढे परत वाच.

लोकांनी दिलेले पैसे बाबांनी स्वतःसाठी ठेवले नाहीत. त्यातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले आणि चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ प्रवासात गाडगेबाबा गेले. अमरावतीला गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

२००० साली सरकारने त्यांच्या नावाने ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. आजी सांगते, तेव्हा आमचे गावही झाडून काढले होते. बसथांब्याजवळचे गटार मात्र आजही तुंबलेले आहे. हे भित्तीपत्रक बघायला येणाऱ्या पालकांना ते ओलांडूनच यावे लागते.