जेम्स पी. जॉन्सन

जेम्स पी. जॉन्सन (१ फेब्रुवारी, १८९४:न्यू ब्रुन्सविक, न्यू जर्सी, अमेरिका - १७ नोव्हेंबर, १९५५:न्यू यॉर्क, अमेरिका) हे अमेरिकन पियानोवादक व संगीतकार होते. १९२० च्या दशकात अमेरिका व युरोपमध्ये लोकप्रिय झालेल्या चार्ल्सटन या नृत्याची सर्वश्रुत धून त्यांनी रचली.

जीवन
जॉन्सन यांना पियानोची ओळख आईमुळे झाली. १९०८ मध्ये त्यांचे कुटुंब न्यू यॉर्क शहरात स्थायिक झाले. तेथील जंगल्स कॅसिनो या नृत्यगृहात ते तरुणपणी पियानो वाजवीत. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन बंदराच्या परिसरातून आलेले कृष्णवर्णीय श्रमिक तेथे आपल्या गावाकडची नृत्ये करीत. त्यांच्या पदन्यासाला साथ करताना जॉन्सन यांना अनेक धुना सुचल्या.

चार्ल्सटन
१९२३ मध्ये न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या रनिन' वाइल्ड या संगीतिकेत ही धून गीतरूपाने सादर झाली. गीतरचना सेसिल मॅक यांची होती. चार मात्रांच्या आवर्तनात पहिला आघात समेवर आणि दुसरा आघात दुसऱ्या व तिसऱ्या मात्रांच्या मध्ये येतो. गुडघे आत-बाहेर वळवत पाय झटकण्याची या नृत्याची लकब त्याच लयीवर उभी आहे.

वादनशैली
जॉन्सन हे स्ट्राइड शैलीचे अग्रणी मानले जातात. या शैलीत डावा हात मंद्र सप्तकातील स्वर व मध्य सप्तकातील स्वरसंघ यांदरम्यान सतत झेपावतो. कॅरोलायना शाउट ही त्यांची रचना तरुण वादकांची कसोटी ठरली. ड्यूक एलिंग्टन यांनी ती यांत्रिक पियानोच्या छिद्रांकित पट्टीवरून आत्मसात केली. फॅट्स वॉलर हे त्यांचे शिष्य होत.

उत्तरायुष्य
वाद्यवृंदासाठी गंभीर संगीत रचण्याची जॉन्सन यांची आकांक्षा होती. यामेक्रॉ ही त्यांची दीर्घ रचना १९२८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये सादर झाली. त्या वेळी दुसऱ्या संगीतिकेच्या कामात अडकल्याने ते स्वतः वाजवू शकले नाहीत. पियानोवर वॉलर होते. गुगनहाइम शिष्यवृत्तीसाठी केलेले त्यांचे अर्ज नामंजूर झाले. १९५१ मधील पक्षाघाताच्या तीव्र झटक्यानंतर त्यांचे वादन थांबले.

निधनानंतर क्वीन्समधील त्यांच्या दफनस्थळी नाव कोरलेला दगडही नव्हता. तो २००९ मध्ये बसविण्यात आला. तत्पूर्वी १९९५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले होते.