रॉल्फ सीव्हर्ट

रॉल्फ मॅक्सिमिलियन सीव्हर्ट (६ मे १८९६, स्टॉकहोम – ३ ऑक्टोबर १९६६, स्टॉकहोम) हे स्वीडनचे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होते. मानवी शरीरावर किरणोत्सर्गाचे होणारे परिणाम, त्यांचे मापन आणि त्यांपासून संरक्षण हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते. स्वीडनमधील किरणोत्सर्ग सुरक्षेची शासकीय व्यवस्था उभारण्यात आणि आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. किरणोत्सर्गाच्या जैविक परिणामाचे 'सीव्हर्ट' हे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

प्रारंभिक जीवन

सीव्हर्ट यांचे वडील मॅक्स सीव्हर्ट हे जर्मनीतून स्वीडनमध्ये आलेले उद्योजक होते. स्टॉकहोमजवळील सुंडबीबर्ग येथे त्यांचा विद्युत तारांचा कारखाना होता. १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले. रॉल्फ यांनी काही काळ वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले व नंतर ते भौतिकशास्त्राकडे वळले. १९३२ मध्ये त्यांनी उप्साला विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

रुग्णालयातील कार्य

१९२० च्या दशकाच्या प्रारंभी सीव्हर्ट स्टॉकहोममधील 'राडियमहेमेट' या कर्करोग रुग्णालयाशी जोडले गेले. १९२४ ते १९३७ या काळात ते तेथील भौतिकशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख होते. कर्करोगावर रेडियम व क्ष-किरणांचे उपचार तेव्हा केले जात. मात्र रुग्णाला किती मात्रा मिळाली हे सांगणारे विश्वसनीय मापन नव्हते. त्वचा लाल होणे हीच मात्रेची व्यवहारातील खूण मानली जाई. मात्रा कमी पडल्यास रोग बरा होत नसे आणि जास्त झाल्यास निरोगी ऊती जळत. डॉक्टर व परिचारिका यांनाही रोज थोडाथोडा किरणोत्सर्ग सोसावा लागे.

रेडियमच्या सुईभोवती किरणांची तीव्रता कशी बदलते, हे काढण्यासाठी त्यांनी १९२१ मध्ये एक गणिती पद्धत मांडली. ती आजही 'सीव्हर्ट संकल' या नावाने ज्ञात आहे. त्यांनी लहान आकाराचे संधारित्र कक्षही तयार केले. विद्युतभारित केलेला असा कक्ष शरीरावर किंवा खोलीत ठेवला जाई आणि त्यातील भार किती घटला यावरून मात्रा मोजली जाई. आकाराने लहान असल्याने हे साधन प्रयोगशाळेबाहेरही नेता येई. त्यामुळे देशातील रुग्णालयांत जाऊन क्ष-किरण यंत्रे व खोल्यांचे संरक्षण तपासणे शक्य झाले.

मर्यादा आणि कायदा

१९२५ मध्ये सीव्हर्ट यांनी कर्मचाऱ्यांसाठी सहन करण्याजोग्या मात्रेचा अंदाज मांडला. त्वचा लाल करणाऱ्या मात्रेचा सुमारे दहावा भाग वर्षभरात मिळावा, असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी अमेरिकेतील आर्थर मुट्शेलर हेही स्वतंत्रपणे जवळपास याच निष्कर्षाला पोहोचले.

१९२८ मध्ये स्टॉकहोम येथे दुसरी आंतरराष्ट्रीय विकिरणशास्त्र परिषद भरली. तीत क्ष-किरण व रेडियम संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली व सीव्हर्ट तिचे सदस्य झाले. समितीच्या पहिल्या शिफारशींत मात्रेची संख्यात्मक मर्यादा नव्हती. कामाचे तास, सुट्टी आणि आडोसा यांवर भर होता. दररोज ०.२ रॉन्टजेन ही मर्यादा १९३४ मध्ये आली.

समितीच्या शिफारशी पाळण्याचे कायदेशीर बंधन कोणावरही नव्हते. स्वीडनमध्ये १९४१ च्या किरणोत्सर्ग संरक्षण कायद्याने ही उणीव भरून काढली. किरणोत्सर्गी पदार्थ व क्ष-किरण यंत्रांच्या वापरासाठी परवाना व तपासणी आवश्यक झाली आणि तपासणीचे काम सीव्हर्ट यांच्या संस्थेकडे आले. त्याच वर्षी ते किरणोत्सर्ग भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

सर्वसामान्य जनतेचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर वातावरणातील अणुचाचण्यांमुळे किरणोत्सर्गाचा प्रश्न रुग्णालयापुरता राहिला नाही. निसर्गातून मुळात किती किरणोत्सर्ग मिळतो हे ठाऊक असल्याशिवाय त्यात पडलेली भर कळणार नव्हती. म्हणून सीव्हर्ट यांनी जमीन, घरे व मानवी शरीर यांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या मोजणीला चालना दिली.

या कामातून एक अनपेक्षित बाब समोर आली. स्वीडनमध्ये घरबांधणीसाठी तुरटीयुक्त शेल खडकापासून बनवलेले हलके काँक्रीट मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. या खडकात युरेनियम व रेडियम असते. सीव्हर्ट यांच्या प्रेरणेने बेंग्ट हुल्टक्विस्ट यांनी केलेल्या मोजणीचे निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा काही घरांत गॅमा किरण व रेडॉन वायूचे प्रमाण जास्त असल्याचे त्यांत आढळले. तरीही या काँक्रीटचे उत्पादन १९७५ पर्यंत चालू राहिले. परवाना पद्धत यंत्रांना लागू होती, घराच्या भिंतींना नव्हती.

सीव्हर्ट १९५६ ते १९६२ या काळात आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाचे अध्यक्ष होते. १९२८ च्या समितीलाच १९५० मध्ये हे नाव मिळाले होते. आयोगाच्या १९५८ च्या शिफारशींनी कर्मचाऱ्यांसाठी सरासरी वार्षिक ५ रेम (५० मिलिसीव्हर्ट) ही मर्यादा सुचवली. अणुकेंद्रांच्या आसपास राहणाऱ्या व्यक्तींसाठी ती याच्या एक दशांश, म्हणजे ०.५ रेम होती. अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये नेमलेल्या वैज्ञानिक समितीचे अध्यक्षपदही त्यांनी काही काळ सांभाळले.

वारसा

सीव्हर्ट यांच्या संस्थेतूनच १९६५ मध्ये स्वीडनची राष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण संस्था निर्माण झाली. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९७९ मध्ये वजन व मापविषयक सर्वसाधारण परिषदेने 'सीव्हर्ट' या एककाला मान्यता दिली. एक सीव्हर्ट म्हणजे १०० रेम. हे एकक मोठे असल्याने व्यवहारात त्याचा हजारावा भाग, मिलिसीव्हर्ट, वापरला जातो.

त्यांच्या नंतर मर्यादा अधिक कडक झाल्या. मुंबईतील अणुशक्तीनगर येथे मुख्यालय असलेले भारताचे अणुऊर्जा नियामक मंडळ कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलिसीव्हर्ट, तर सर्वसामान्य जनतेसाठी वार्षिक १ मिलिसीव्हर्ट ही मर्यादा लागू करते. नैसर्गिक किरणोत्सर्ग व रुग्णाला उपचारासाठी दिलेली मात्रा तीत धरली जात नाही.