मेंदूचे गणित मांडणारा मुलगा

माझ्या भाच्याला लहानपणापासून फिट्स येतात. मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच तालात पेटल्या, की झटका येतो, असे डॉक्टरांनी परवा आम्हाला समजावले. फ्रान्समधील मार्सेयचे संशोधक आता रुग्णाच्या मेंदूचे जाळे संगणकावर उभारतात आणि झटका कुठून उठतो, हे शस्त्रक्रियेआधीच शोधू पाहतात. हे ऐकताना मला वॉल्टर पिट्स आठवला. या वाटेवरचे पहिले पाऊल त्याचे.

पिट्स १९२३ साली अमेरिकेत डेट्रॉईटला जन्मला. घरी मारझोड, म्हणून पोराचा मुक्काम वाचनालयात. बाराव्या वर्षी त्याने रसेल आणि व्हाइटहेड यांचा तर्कशास्त्रावरचा अवजड ग्रंथ तीन दिवसांत वाचला आणि त्यातल्या चुका थेट रसेलना कळवल्या, असे सांगतात. पंधराव्या वर्षी तो घरातून पळाला आणि शिकागोत आला. खिशात पैसा नाही, हाती पदवी नाही. वयाने दुपटीहून मोठ्या असलेल्या डॉ. वॉरन मॅक्युलक यांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतले.

१९४३ साली दोघांचा लेख प्रसिद्ध झाला. कल्पना साधी होती. पेशी एक तर पेटते, नाही तर नाही. म्हणजे एक किंवा शून्य. दोन्ही शेजारणींचा इशारा आल्यावरच पेटणारी पेशी म्हणजे ‘आणि’, एकीच्याच इशाऱ्याने पेटणारी म्हणजे ‘किंवा’. अशा पेशी जोडत गेले, की तर्क करणारे जाळे तयार होते. १९४५ मध्ये फॉन नॉयमन यांनी संगणकाचा आराखडा लिहिताना याच लेखाचा आधार घेतला.

पुढे एमआयटीत नॉर्बर्ट वीनर यांनी पिट्सला मुलासारखे जवळ केले आणि १९५२ मध्ये अचानक संबंध तोडले. तो खचला. त्यात १९५९ साली बेडकाच्या डोळ्यावरचा शोधनिबंध आला. लेखकांत तोही होता. डोळा निव्वळ चित्र पाठवत नाही, हलता किडा स्वतःच टिपून मेंदूला कळवतो, असे त्यातून दिसले. मेंदू केवळ शुद्ध तर्कावर चालत नव्हता. पिट्सने आपल्या प्रबंधाचे कागद जाळले, दारू जवळ केली आणि १९६९ मध्ये, अवघ्या ४६व्या वर्षी तो गेला.

त्याचे गणित अपुरे होते, पण वाया गेले नाही. कृत्रिम पेशीजाळ्यांवरील कामाला २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याचे मूळ तिथेच आहे. मार्सेयच्या संगणकातही मेंदूला जाळे मानण्याची तीच दृष्टी आहे.

भाच्याच्या गोळ्या चालूच आहेत. पण आता तो झटक्याला दैवाचा कोप म्हणत नाही, जाळ्यातला बिघाड म्हणतो. बिघाड म्हटला, की दुरुस्तीची आशा धरता येते. ज्याने ही आशा दिली, त्याच्या मनातला बिघाड मात्र कुणालाच दुरुस्त करता आला नाही.